भारी हेडफोन घेतला, पण तासाभरात डोकं दुखते? मग हे करून पहा

साठ-सत्तर हजाराचा हेडफोन आहे म्हणून तो डोक्यावर आरामात बसेलच असं काही नसते भाऊ. बऱ्याचदा उलटंच होते, जितका महाग तितका जड, कारण मोठाले ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले भाग), त्यांचे चुंबक, धातूची फ्रेम, कान झाकणारे लाकडाचे कप, हे सगळं येऊन बसते शेवटी आपल्याच टाळूवर. सेनहायजरचा एचडी 600 केबल सोडून 260 ग्रॅमच्या आसपास आहे, हायफायमॅनचा सुंदरा 372, फोकलचा युटोपिया 490 आणि ऑडेझीचा एलसीडी-एक्स तर 600 च्या वर जाते. आणि आपल्याकडे बहुतेक जण ऑनलाइन मागवून मोकळे होतात, आधी डोक्यावर घालून तासभर बसून पाहायची सोय नसतेच, मग रिव्ह्यूत सगळ्यांनी आवाजाचं कौतुक केलेलं असते आणि घरी आल्यावर पोट्टा दुसऱ्या गाण्याला कान चोळत बसते.

तर यावर उपाय आहेत, बरेचसे फोकटात होणारे आहेत. पण माझं एक म्हणणं पहिलेच सांगून ठेवतो, कुठं दुखून राहिलं ते नीट शोधल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. लोक काय करतात, टोचते म्हटलं की लगेच बँड, म्हणजे डोक्यावरची कमान, फाकवतात. टाळू दुखत असेल तर बँड फाकवून त्रास वाढते, कारण बाजूची पकड ढिली झाली की कपांनी जे थोडंफार वजन धरलं होतं तेही वर सरकते. म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे.

मग शोधायचं कसं? एक अख्खा अल्बम लावा, मोबाईल बाजूला ठेवा आणि त्रास पहिल्यांदा कुठं सुरू होते ते पहा. टाळूवर एकाच जागी गरम सुई टोचल्यासारखं होत असेल तर तो वजनाचा आणि पट्ट्याचा मामला. कानाच्या खाली, जबड्याच्या सांध्याजवळ दाबत असेल तर पकड जास्त आहे. कानाची वरची कड किंवा मागची बाजू दुखत असेल तर पॅडचं, म्हणजे कानाभोवतीच्या गादीचं, भोक लहान आहे नाहीतर पॅड उथळ आहे, कान आत कुठंतरी घासून राहिला आहे. आणि नुसतंच गदगदून घाम येत असेल तर तो नागपूरच्या उन्हाळ्याचा मामला, त्यावर खाली येतो. चष्मेवाल्यांचं अजून वेगळंच.

सुरुवात फोकटवाल्या गोष्टीपासून करू. स्लायडर, म्हणजे कप खाली-वर करायची खटक्यांची सरकपट्टी. बहुतेकांनी पहिल्या दिवशी जो खटका लावला तोच वर्षभर असते. हेडफोन घालून आरशासमोर उभे राहा आणि कान कपच्या बरोबर मधोमध आहे का पहा. कानाची पाळी पॅडखाली चेपून राहिली असेल तर एक खटका वाढवा, वरची कड दबत असेल तर कमी करा. टाळू दुखणाऱ्यांनी एक खटका वाढवून पहावा, म्हणजे पट्टा टाळूवर नुसता टेकते आणि वजनाचा थोडा वाटा बाजूच्या पॅडवर जाते. फार वाढवला तर हेडफोन खाली घसरते, तेव्हा थांबायचं. दोन्ही बाजूंना खटके सारखेच पाहिजेत असंही काही नाही, डोकं कोणाचंच मोजून मापून गोल नसते, डावीकडं चार आणि उजवीकडं पाच असं जमत असेल तर तसंच ठेवा आणि कागदी टेपचा बारीक तुकडा लावून खूण करून ठेवा, नाहीतर घरातल्या कोणीतरी घालून पाहिला की तुमची सेटिंग गेली.

मग पट्टा पुढं-मागं. अगदी टाळूच्या शेंड्यावर ठेवायची सवय असते सगळ्यांना, तो दोन बोटं कपाळाकडं घेऊन पहा, कधी थोडा मागं. जागा बदलत राहिली तर एकच ठिकाण सोसत नाही. आणि मान. लॅपटॉपवर वाकून बसायचं आणि डोक्यावर अर्धा किलोच्या वरचा ऐवज, मग मान आखडली की हेडफोनला शिव्या. जड हेडफोन मागं टेकून, सरळ बसून ऐकायचा, पण खुर्चीची उशी कपला धक्का देणार नाही हे पाहून.

केबलकडं कोणी पाहतच नाही. जाड वेणीची केबल घेतलेली असते दिसायला भारी म्हणून आणि ती एका बाजूला कप खाली ओढत राहते. शर्टच्या कॉलरला क्लिपनं अडकवली की ओढणं तिथंच थांबते.

आता टाळूचं ओझं. पट्टा अरुंद आणि कडक असला की सगळं वजन दोन-तीन चौरस सेंटीमीटरवर येते, रुंद आणि लवचिक असला की तेच वजन पसरते. ग्रॅम तेवढेच, दाब कमी. घागरीखाली चुंबळ काऊन ठेवतात, त्याच कारणासाठी. म्हणून ज्या हेडफोनला कमानीखाली वेगळा झुलता पट्टा असते ते जड असूनही सुसह्य होतात, मेझेच्या एम्पिरियनला तसा आहे, ऑडेझीच्या नव्या एलसीडींना आहे, अॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सला जाळीचा आहे आणि तो 385 ग्रॅमचा असूनही टाळूवर तेवढा जाणवत नाही. उलट एकेजीच्या के701 ला पट्ट्याच्या आतून उंचवटे आहेत, आठ मिनिटं मजेत आणि मग प्रत्येक उंचवटा मोजता येते. पुढच्या के712 ला पट्टा सपाट केला त्यांनी.

तुमच्या हेडफोनला झुलता पट्टा नसेल तर दोन रस्ते. एक, पट्ट्यावर चढवायची गादी, चेनवाली किंवा वेल्क्रोवाली मिळते, पण त्यात लोक जाड स्पंज भरतात आणि तो आठवड्यात बसून जाते. स्पंज पातळ पण घट्ट पाहिजे, आणि मधे टाळूच्या जागी बोटभर फट सोडून दोन बाजूंना दोन तुकडे लावले तर अजून बरं, नाजूक जागेवर काही टेकतच नाही. बेयरडायनॅमिकच्या डीटी 770, 990 प्रो वगैरेंच्या पट्ट्याची गादी टिचबटणांनी लावलेली असते, काढून धुवून परत लावता येते, तिथं काम सोपं आहे.

दुसरा रस्ता म्हणजे झुलता पट्टा बनवूनच घ्यायचा. परदेशातून मागवाल तर पट्टा एकीकडं आणि कुरियर-कस्टम एकीकडं. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) बॅगा आणि पर्स दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडं चामड्याचे तुकडे असतात, शिलाई मशीन जाड सुईची असते, त्यांना फक्त समजावून सांगावं लागते. माझ्या आत्याच्या पोट्ट्याच्या जुन्या प्लेनारसाठी (ज्या हेडफोनमध्ये चुंबकांमधला पातळ पडदा हलून आवाज होते) आम्ही असाच करून घेतला. हेडफोन न नेता आधी कागदाचा नमुना कापून न्या. पट्टा पाच सेंटीमीटर रुंद, मऊ चामडं, दोन्ही टोकांना वेल्क्रो म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. कमानीला दोन्ही बाजूंनी वळसा देऊन तो असा बांधायचा की घातल्यावर कमान आणि पट्टा यांच्यात बोट जाईल एवढी जागा राहिली पाहिजे, कमान टाळूला टेकली की सगळं मुसळ केरात. कारागीर म्हणाला, "हे काय बेल्ट आहे का बाप्पा, एवढा आखूड?" पण अर्ध्या तासात करून दिला. चामडं सुरुवातीला थोडं ताणते, आठ-दहा दिवसांनी वेल्क्रो एकदा आवळून घ्यायचा.

आता पकड, म्हणजे क्लॅम्प. एचडी 600 आणि 650 नवे असताना शिकंजासारखे आवळतात हे जगजाहीर आहे, 600 आला 1997 ला, 650 आला 2003 ला, तेव्हापासून लोक हीच तक्रार करून राहिले. थोडी कळ काढली तर पॅडचा फोम नरम पडून आणि बँड सैल होऊन निम्मा त्रास आपोआप जाते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे काहीच करू नका असं मी म्हणेन. तरी जबडा दुखतच असेल तर मग ताणायचं, पण कशाचा बँड आहे हे पाहून.

स्प्रिंग स्टीलचा असेल तर ठीक. एचडी 600 मध्ये स्लायडर पूर्ण बाहेर ओढले की आतली चकचकीत धातूची पट्टी दिसते. त्या पट्टीला दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी धरून हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकवायचं, थोडंसंच, मग स्लायडर आत घालून डोक्यावर पाहायचं, मग परत थोडं. वाकवताना जोर धातूवर पाहिजे, प्लॅस्टिकच्या सांध्यावर नाही, कपला धरून तर अजिबात फाकवायचं नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, तुटतो तो सांधाच.

हात चालत नसेल तर पुस्तकांचा उपाय. डोक्याची रुंदी मोजा, कानाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभं धरून मधलं अंतर, साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटर भरते. त्यात दोन्ही पॅडची जाडी मिळवा आणि त्याच्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त जाडीचा पुस्तकांचा गठ्ठा करा, रात्रभर त्यावर हेडफोन चढवून ठेवा, सकाळी घालून पहा, कमी वाटलं तर अजून एक रात्र. पॅड आधी काढून घ्या, नाहीतर रात्रभर चेपून तेच बसतील, आणि गठ्ठ्यावर सुती कापड गुंडाळून कपची फक्त बाहेरची कड टेकू द्या, ड्रायव्हरच्या जाळीला काहीच लागलं नाही पाहिजे. काही भैताड लोक एकदम कुकरच्या डब्यावर चढवून ठेवतात, पंचवीस सेंटीमीटर, मग पकड इतकी जाते की मान हलवली की हेडफोन मांडीवर.

कार्बन फायबरची कमान मात्र वाकवायच्या भानगडीत पडू नका. कार्बन फायबर वाकून तसंच राहत नाही, एकतर मूळ जागी येते नाहीतर तडकते. प्लॅस्टिकचा बँड असेल तर तोच नियम, आणि हेअर ड्रायरनं गरम करून वाकवायचे व्हिडिओ पाहून राहिले असाल तर बंद करा.

पॅडचं बोलू, कारण खरी मजा आणि खरा लोचा तिथंच आहे. माणसाच्या कानाची उंची साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर, ज्याच्या पॅडचं भोक त्याच्यापेक्षा लहान त्याचा कान चेपणारच. गोल भोकाचे पॅड असलेल्या हेडफोनमध्ये हे जास्त होते, लंबगोल पॅड कानाच्या आकाराला बरे. खोली पण पाहायची, कानाची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर वीस मिनिटांत ती लाल होते. तिरपे पॅड असले, म्हणजे एका बाजूला जाड दुसऱ्या बाजूला पातळ, तर जाड बाजू कानाच्या मागं यायला पाहिजे. हे उलटे लावलेले मी किती पाहिले, डावा-उजवा अदलाबदल झाला की तेच होते.

पॅड बदलायचा म्हटलं तर आधी तो कसा बसवला आहे ते पहा. एचडी 600 चा पॅड कडेला बोटं घालून सरळ ओढला की टकटक करत सुटते, मागं काळ्या फोमची पातळ चकती असते ती हरवू नका, नवीन पॅड लावायच्या आधी ती जागेवर बसवा, मग पॅड ठेवून चारी बाजूंनी दाबत जा, प्रत्येक खाच बसली की खट् असा आवाज येते, एखादी बाजू वाजली नाही तर ती बसली नाही. बेयरडायनॅमिकचा पॅड म्हणजे कापडाची कड खोबणीत सरकवायची असते, पहिल्यांदा करताना घाम फुटते, एका टोकाला कड अडकवा आणि मग पॅड चाकासारखा फिरवत न्या, कड आपोआप खोबणीत शिरत जाते. ऑडेझीच्या बऱ्याच एलसीडींचे पॅड चक्क चिकटवलेले असतात, ते मन चाललं तेव्हा काढण्यासारखे नाहीत. एम्पिरियनचे चुंबकानं लागतात, त्यांची तर चैनच आहे.

पण पॅड बदलला की आवाज बदलतो, हे पक्कं लक्षात ठेवा. कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर बदलते, आतली हवेची जागा बदलते, कड किती घट्ट बसते ते बदलते. वेलूरचा, म्हणजे मखमली कापडाचा पॅड थंड आणि मऊ, पण हवा सोडते, म्हणून चामड्याच्या जागी वेलूर लावला की बंद हेडफोनचा (ज्याच्या कपची पाठ बंद असते) बेस बहुतेक वेळा उतरते. भोकं पाडलेल्या चामड्याचा पॅड मधला रस्ता. आणि जुना चेपलेला पॅड पण आवाज बदलतोच, हळूहळू बदलते म्हणून कळत नाही. त्यामुळं माझा सल्ला असा, पहिले कंपनीचाच नवीन पॅड घ्या, त्यानं भागलं नाही तर मग डेकोनी, ब्रेनवेव्ह्ज वगैरेंचे पहा, आणि मूळ पॅड फेकू नका. आवाज फार हलला तर विंडोजच्या कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ नावाचं सूर कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर फोकटात मिळते, त्यात थोडं सावरून घेता येते.

पॅड नीट बसला का हे पाहायची एक साधी टेस्ट. हेडफोन घालून चाळीस हर्ट्झचा टोन, म्हणजे एकदम खालचा घुमणारा सूर, हळू आवाजात लावा आणि दोन्ही कपांवर बोटांनी हलकेच दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर कुठून तरी हवा निसटून राहिली. कुठून, ते कागदाची पट्टी पॅडखाली सरकवून कळते, जिथून ती सहज निघून येते तिथं फट आहे, बहुतेक कानाच्या मागं खाली, जबड्याच्या खळग्यात. प्लेनार हेडफोनवर मात्र हे दाबणं जपून, आतला पडदा फार पातळ असते, कप डोक्यावर थापायचे नाहीत, घालताना-काढतानाही सावकाश, आतली हवा एकदम दाबली गेली की पडद्याला ताण बसते.

चष्मा असेल तर जाड प्लॅस्टिकची काडी हा अर्धा प्रॉब्लेम. ऐकण्यापुरती तारेच्या काडीची जुनी फ्रेम काढून ठेवा, पुष्कळांच्या कपाटात पडलेली असते. दुसरं म्हणजे आधी हेडफोन घालायचा आणि मग चष्म्याची काडी पॅडच्या वरून, केसांवरून तिरपी सरकवायची, जरा येडपट दिसते पण घरात कोण पाहते. मऊ वेलूरमध्ये काडी रुतते, कडक रेक्झिनवर ती नुसती टोचते आणि फटही पाडते.

आता आपलं गाव, नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या वर, नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) लागला की संध्याकाळी पण भिंती तापलेल्या, अशात बंद कपाचा रेक्झिनवाला हेडफोन घालून बसणं म्हणजे कानाला वाफ देणं. कूलरनं हवा दमट होते, घाम वाळत नाही, आणि खुल्या पाठीचा (कपला मागून जाळी असलेला) हेडफोन घ्यावा तर कूलरची घरघर सरळ कानात, मग आवाज वाढवावा लागते. आवाजाचं म्हणाल तर डब्ल्यूएचओ आठवड्याला 80 डेसिबलला 40 तास एवढीच मुभा देते, वाढवत नेलं की हे तास भराभर कमी होतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर कूलर बंद असताना खुल्या पाठीचा आणि दुपारी ऐकायचंच असेल तर थोड्या वेळासाठी बंद कपाचा, असं मी वाटून घेतलं आहे.

पॅडवर मलमलीची खोळ हा स्वस्तातला सगळ्यात कामाचा उपाय. गांधीबागेच्या कापड बाजारात कपडा घ्या, पांढरी पातळ मलमल, आधी धुवून घ्या म्हणजे नंतर आटत नाही. पॅडपेक्षा चार बोटं मोठा गोल कापायचा, कडेला दुमडून शिलाई मारून आत बारीक इलास्टिक ओवायचं, घरातल्या मशीनवर होते, नाहीतर कोणताही टेलर करून देते. चार-पाच जोड्या करा, रोज बदला, कपड्यांसोबत धुवा. मलमल पातळ असल्यानं वरचे सूर फार दबत नाहीत, बेसमध्ये थोडा फरक पडू शकते, तो वरच्या टोनच्या टेस्टनं पाहून घ्या. जाड टर्किश टॉवेलची खोळ करू नका, गरम होते आणि कान भोकात मावत नाही.

डोक्याला खोबरेल तेल लावून हेडफोन घालणाऱ्यांना मी हात जोडतो. तेल वेलूरमध्ये शिरते आणि निघत नाही, कृत्रिम चामड्यावर घामासोबत बसून त्याची खपली काढते. लावायचंच आहे तर त्या दिवशी डोक्याला सुती रुमाल बांधा. कृत्रिम चामडं, म्हणजे पीयू, दमट हवेतच कुजते, पाण्याच्या अंशानं त्याचे धागे तुटत जातात आणि मग खांद्यावर काळे कण पडायला लागतात. पावसाळ्यात ऐकून झालं की लगेच डब्यात बंद करू नका, अर्धा तास पंख्याखाली राहू द्या, मग डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या पण चालतात. पुसायला ओला करून घट्ट पिळलेला सुती कपडा, बस. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावाल तर वरचा थरच उतरेल. वेलूर पॅड सुटे काढून कोमट पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, आपल्या उन्हात फोम आणि डिंक दोन्ही जातात. त्याच कारणासाठी दुपारी उभ्या गाडीत हेडफोन सोडायचा नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

ठेवायची जागा पण पहा. खिळ्याला किंवा खुंटीला टांगला की पट्ट्याच्या गादीत कायमचा खड्डा पडते, आणि तोच खड्डा मग टाळूला टोचते. रुंद गोल डोक्याचा स्टँड घ्या, नाहीतर चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून भिंतीला लावा, हार्डवेअरच्या दुकानात उरलेला तुकडा असाच देऊन टाकतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन-तीन दिवस ऐकायचं. स्लायडर, पट्टा, पॅड आणि पकड चारही एकाच रविवारी हलवले तर बरं कशानं वाटलं ते कळत नाही आणि आवाज कशानं बिघडला तेही नाही. आणि हे सगळं करूनही 600 ग्रॅमचा हेडफोन तासाभराच्या वर सोसवत नसेल तर तो विकून टाका, सेकंड हँडला या वस्तू बऱ्या किमतीला जातात, पॅड स्वच्छ आणि मूळ खोका सोबत असला तर अजूनच, आणि त्या पैशात तीनशे ग्रॅमच्या आतला एखादा घ्या, एचडी 600 सारखा.